तिसरं नाव

प्रिय चिमणे,

रविवारी तू व्रतं घेऊन धर्मभगिनी होणार, हे कळल्यापासून तुझ्या आईचे पाय जमिनीवर नाहीत. मामाला आनंद मावत नाहीये, असं ती गावभर सांगते. मावत नाहीये हे खरं. फक्त तो आनंद नाही.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याला मी 'तीन सभासदांची कार्यकारिणी' म्हणायचो, आठवतं? वर्तमानपत्रातल्या सदरात त्यावर दोनदा पोट भरून हसून घेतलं. तू तेव्हा सतराची. म्हणालीस, "मामा, तू बेरजा करत बस. देव एकटाच असता, तर जग व्हायच्या आधी त्यानं प्रेम केलं कुणावर? पिता, पुत्र, आणि त्या दोघांमधलं प्रेम तो आत्मा. एकाला जरी वगळलंस, तरी देवाचा नुसता साहेब उरतो." घरातले सगळे हसले. मीही हसलो, पण त्रैक्यावर सदरात पुन्हा एक ओळ लिहिली नाही. वगळलेला एक मला चांगलाच ठाऊक होता.

तू सातव्या महिन्यात आलीस, मूठभर. आई शुद्धीवर नव्हती, बाबा रक्त आणायला धावलेले, फादर यायला तास लागणार. जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही द्यावा, हा आपला नियम. आणि कुणीही म्हणजे त्या खोलीत मीच. तुझ्या श्वासाच्या नळीशी झटणारी नर्स खेकसली, "अहो, बघत काय बसलात? वाटीत पाणी आहे, उरका!" एकेका नावाला तुझ्या डोक्यावर थोडं पाणी. पित्याच्या नावाने, म्हणालो. पुत्राच्या, म्हणालो. आणि तुझी छाती हलायची थांबली. तिसऱ्यांदा पाणी पडलं, पण तोंडून निघालं ते एवढंच: "श्वास घे गं, श्वास घे!"

घेतलास. फादर धापा टाकत आले, विचारलं, "तिन्ही नावं घेतलीस ना?" मी म्हणालो, "हो."

त्या एका 'हो'वर तुझी बावीस वर्षं उभी आहेत. नाव राहिलं तर बाप्तिस्मा झालाच नाही, आणि तो नाही तर रविवारची व्रतंही पोकळ. देवाला भीत नाही, असं मी जन्मभर छापत आलो. तुझ्या चेहऱ्याला भितो, म्हणून समोर येऊन बोललो नाही.

हे पत्र आजच फादरना दाखव. थोडंसं पाणी आणि तिन्ही नावं, पाच मिनिटांचं काम आहे. आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला आत बोलावू नकोस. मी बाहेर उभा असेन, चर्चचं दार तेवढं उघडं ठेव. तिसरं नाव मला ऐकायचं आहे.

तुझाच,
भित्रा मामा