जोडतिकिटातली लाल नवरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा लग्नाचे फोटो काढणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना माझ्या हातानं लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. आजवर मीच लोकांना दडपत आले. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण ते सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोण नजर चुकवतंय ते मला चटकन कळतं, जन्म गेलाय त्यात. म्हणून ही लिखापढी. वकीलबाई समोर बसल्यात आणि "अहो, एका जागी बसून लिहा की," म्हणून वैतागल्यात. मला बसवत नाही.

१. स्टुडिओ आणि त्यावरच्या दोन खोल्या, कॅमेरे, दिवे, पडदे, सगळं माझ्या भाच्याला मिळावं. पोरगा वाईट नाही, उतावळा आहे, आत्यावर गेलाय. अट एकच. दर्शनी काचेतले जोडप्यांचे फोटो त्यानं वर्षभर तरी काढू नयेत. काही जोडपी अजून संध्याकाळी थांबून स्वतःला बघतात. काहींमधलं आता एकटंच येतं.

२. माझ्या वहिनीला, म्हणजे भाच्याच्या आईला, मेकअपच्या खोलीतला उभा आरसा द्यावा. भाच्याच्या लग्नात चारचौघांत ती म्हणाली होती, "आमच्या वन्संना नवरा काय तो भिंगातूनच दिसायचा." सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि त्या लग्नातला तिचा एकही फोटो धड आला नाही. आता म्हणावं निवांत बघत बस स्वतःला.

इथे वकीलबाईंनी थांबवून दोन गोष्टी सांगितल्या, त्या लिहून ठेवते. एक, जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला या कागदातलं काहीही घेता येत नाही. दुसरी, यापुढे मी लग्न केलं तर हे मृत्युपत्र आपोआप रद्द. "सगळ्यांनाच सांगावं लागतं हो," असं त्या वर म्हणाल्या. मी म्हटलं, सांगा, सांगा.

(उठून खिडकीतून बघून आले. समोरच्या टेलरमास्तरांचं शटर अर्धंच वर आहे. अकराला येतो म्हणाले होते. साक्षीदार म्हणून मीच बोलावलंय, आणि पहिली गोष्ट मला आत्ता कळतेय. माझं नशीबच मेलं असलं.)

३. माझा तिकिटांचा अल्बम. पोस्टाची तिकिटं, सगळी लग्नाची. अर्धी पानं चिनी: नवरी गुडघे टेकून दोन्ही हातांनी सासूसासऱ्यांना चहा देते, दोन पेले लाल दोऱ्यानं बांधलेले, नवरा तराजूच्या दांडीनं तिच्या तोंडावरचं लाल कापड उचलतो. तोवर त्या पोरीनं कापडाखाली हूं की चूं करायचं नाही. मला पाच मिनिटं जमलं नसतं. अर्धी पानं पाश्चात्त्य: एका सुरीवर दोघांचे हात आणि खाली केक, दारात उधळलेले तांदळाचे दाणे, नवरीला उचलून उंबरा ओलांडणारा नवरा, त्याचं तोंड लालबुंद झालेलं. शिवाय तिकिटावरच्या नवरीचे डोळे ऐन वेळी मिटत नाहीत, एवढ्यासाठीसुद्धा मला ती आवडतात. हा अल्बम भाच्याच्या मुलीला द्यावा. एक तिकीट सोडून.

४. ते एक तिकीट. खरं म्हणजे जोडतिकीट: दोन चित्रं शेजारी शेजारी छापलेली, मध्ये भोकांची ओळ. डावीकडे लाल पालखीत चिनी नवरी, उजवीकडे पांढऱ्या झग्यातली नवरी खांद्यावरून मागे फुलं फेकतेय. कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडे ते एकच होतं आणि मी नि मास्तरांनी एकदमच बोट ठेवलं. मास्तर लग्नाचे कपडे शिवतात, त्यांना झगा बघायचा होता. ते सोडेनात, मी सोडेना. शेवटी मी भोकांवरून फाडलं. तिकीटवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "बाई, मातीमोल केलंत!" लाल माझ्याकडे, पांढरं त्यांच्याकडे.

तेव्हापासून दर रविवारी मास्तर पाकिटातून पांढरं घेऊन येतात. आम्ही दोन्ही शेजारी ठेवतो, चहा पितो. ते भिंग लावून म्हणतात, "खांद्यात ओढतोय झगा." मी म्हणते, "फुलं फेकताना ओढणारच, मास्तर." मग ते आपलं अर्धं पाकिटात घालून घरी जातात. माणूस विधुर, घरी वाट बघणारं कुणी नाही, तरी दिवे लागायच्या आत उठायची घाई.

५. लाल अर्धं मास्तरांना मिळावं, असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. मी मेल्यावर ती जोडी लागून मला काय मिळणार? दर रविवारी ते पाकीट खिशात जातं, आणि इतकी वर्षं मी नुसती कप विसळत आलेय. मला त्यांचं अर्धं इथे राहायला हवंय, आणि मास्तरही. गुरुवारी काय व्हायचं ते होवो, भूल देण्याआधी आपलं म्हणावं असं माणूस मला शेजारी हवंय. सबब टेलरमास्तरांनी हा कागद वाचून ठरवावं: साक्षीदार व्हायचं, वारस व्हायचं, की नवरा व्हायचं. तिन्ही होता येणार नाही.

वकीलबाई म्हणतात, असं कलम घालता येत नाही. घातलं.

६. मास्तर आले. कागद हातात दिला. उभ्यानंच वाचतायत, माप दोनदा घेतल्यासारखं एकेक ओळ परत. वकीलबाईंनी पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"साक्षीदार मी होणार नाही," म्हणाले.

"मग तिकीट घेताय?"

"तुमच्या मागं? नको."

खिशातून पाकीट काढलं आणि पांढरं अर्धं लाल अर्ध्याला चिकटवून ठेवलं. मी म्हटलं, "आज रविवार नाही, मास्तर."

"माहितीये." मग वकीलबाईंना म्हणाले, "नोंदणी कचेरीत लग्नाची नोटीस उद्याच द्यायला जमेल का हो?"

वकीलबाई म्हणाल्या, जमवू. पुढे काय काय म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. मी बसले होते.

ठिकाण: माझा स्टुडिओ. दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार.

सही: माझी. बसून केली.

साक्षीदार पहिले: शेजारच्या दुकानातले कुलूपवाले. सही केली.

साक्षीदार दुसरे: टेलरमास्तर. सही केली नाही. कारण: नवरामुलगा.