निळ्या पोशाखाची शिवण

४ मार्च, दुपार

चि. ठमीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू खुशाल आहेस हे मला न विचारताच कळतं, चौकाचौकात तुझ्या दुकानांच्या पाट्या आहेत. इकडे शिवणघरात सगळं जिथल्या तिथे. मोठं टेबल अजून डुगडुगतं, इस्त्रीवाले काका अजून वाफेवर आणि सरकारवर सारखेच चिडतात. बटणवाल्या बाई निवृत्त होते म्हणतात आणि रोज येतात. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. हे नवं पेन अगदीच टाकाऊ निघालं.

इतक्या वर्षांनी मावशीला कसला उमाळा आला, असं वाटेल तुला. उमाळा वगैरे काही नाही, काम आहे. पण आधी सांगून टाकते, तू गेलीस तेव्हा मी जे बोलले ते मला आजही पटतं. एका मापाचे शंभर झगे कापून टांगून ठेवायचे आणि जिला जो बसेल तो तिने घालायचा, हा आपला धंदा नव्हे. बाई आधी, कापड नंतर. खुर्चीवर बसल्यावर तुझे पाय जमिनीला टेकत नव्हते, तेव्हापासून शिकवलंय तुला हे.

तर काम. गायिकेच्या निळ्या पोशाखाची गोष्ट तुला पाठ असेल. मी तेव्हा भाड्याच्या खोलीत लोकांचे जुने कपडे दुरुस्त करत होते. ती आली आणि म्हणाली, "मला सुंदर नाही दिसायचं, मला श्वास घेता आला पाहिजे." मी तिला गायला लावलं आणि गाता गाता तिचं माप घेतलं. त्या पोशाखाने माझं नाव झालं. मग बड्या घरच्या बायका तो अंधारा जिना चढून आल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले, परदेशातून बोलावणी आली. खरं सांगू? मी जन्मभर तोच एक पोशाख वेगवेगळ्या बायकांसाठी शिवत राहिले.

तो आता परत आलाय. गायिकेची नात घेऊन आली. तीही गाते, पुढच्या महिन्यात तिचा पहिला मोठा कार्यक्रम आहे आणि तिला आजीचाच पोशाख घालायचाय. पोरगी आजीपेक्षा अंगाने भरलेली. मी म्हटलं, "घाबरू नकोस, शिवणीत जादा कापड सोडलंय. उसवलं की बसेल." तिच्या मागोमाग संग्रहालयातले एक गृहस्थ हजर, हातांत पांढरे हातमोजे. त्यांना तो काचेच्या कपाटात हवाय. मोठ्या आदराने मला म्हणाले, "याला आता हात लावू नका, मॅडम. हा वारसा आहे." पोशाख माझा, आणि मीच हात लावायचा नाही! चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं त्यांना. पण जाता जाता ते नातीला सांगून गेले, नाही जमलं तर आम्हाला द्या. आणि तीही हो म्हणाली. वेळेत बसला नाही तर तो तिकडे जाणार.

काचेच्या कपाटात श्वास कोण घेणार, सांग बघू.

मध्ये एक गंमत झाली. बटणवाल्या बाईंना पाठवून तुझ्या दुकानातला एक झगा मागवला. चुका काढायला, आणखी कशाला? टेबलावर उलटा घातला आणि बाजूची शिवण उसवली. आत बोटभर जादा कापड! बाह्यांनाही तसंच. तयार कपड्यांत हे कोण सोडतं? तुझा हिशेबनीस बोंबलला असेल. कुणी अनोळखी बाई उद्या अंगाने भरेल, तेव्हा तिला झगा टाकून द्यावा लागू नये, एवढा विचार केलास तू. मी बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसले. मला रडू आलं, ठमे. बाईंना म्हटलं, डोळ्यात धागा गेलाय.

झग्याला एक भोक मात्र पडलं. ब्लेड घसरलं. उजेड कमी होता.

उजेड भरपूर होता. पेनही चांगलंच आहे. माझे हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. मी कापते आणि माझी पाठ फिरली की शिवणघरातल्या बाया ते गुपचूप सरळ करून घेतात. त्यांना वाटतं, मला कळत नाही. परवा नात समोर बसली होती, मी ब्लेड उचललं आणि "आज हवा दमट आहे" म्हणून खाली ठेवलं. त्या जुन्या रेशमाला भोक पडलं तर ते बुजायचं नाही.

आपल्याकडचा नियम तू विसरली नसशील, जिची शिवण तिनेच उसवायची. बायांना सांगितलं असतं तर त्यांनी केलं असतं, पण भीत भीत. भ्यालेला हात आणि माझा हात सारखाच. माझा टाका कुठून निघतो आणि कुठे परत फिरतो, ते फक्त तुला ठाऊक आहे. तेव्हा तू ये. खिडकीकडच्या बाजूला बस आणि उसव. मी शेजारी बसून सूचना देत राहीन, त्या ऐकू नकोस.

आणि पुन्हा शिवशील तेव्हा माझ्यासारखा टाका घालायचा नाही. तुझा घाल. म्हणजे ती शिवण तुझी झाली. पुढे कधी कुणाची नात तो घेऊन आली, तर नियमाप्रमाणे तिने तुझं दार वाजवायचं.

मी वाट बघते आहे. हे एवढं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्यात हाताचा काही दोष नव्हता.

तुझीच,
मावशी