शून्यावर चालणारी गाडी

३ मार्च, सकाळी ११.२०
दादाने मागवलेला नवीन कंट्रोलर आज कुरिअरने आला. दादाला जाऊन सव्वीस दिवस झाले. सही त्यांचीच हवी, असं कुरिअरवाला म्हणाला. मी म्हटलं, ते बाहेर गेलेत. ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही.
कंट्रोलर म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेचा वेग आणि दिशा सांभाळणारा डबा. खेळणं म्हटलेलं दादाला खपत नसे, पण रोजनिशी माझी आहे.

दुपारी
वहिनी तीस तारखेला मुलीकडे राहायला जाणार. रेल्वेचं टेबलही तिकडेच जाईल. त्याआधी गाडीने एकदा पूर्ण फेरी मारलेली बघायची आहे, एवढंच म्हणाल्या. मी शब्द दिला. सत्तावीस दिवस आहेत, मला दोन पुरतील. उरलेले पंचवीस दिवस काय करायचं हा खरा प्रश्न.

४ मार्च, सकाळी १०.००
तीस वर्षं वजनमापं खात्यात काटे तपासले. यंत्र समोर आलं की त्याची खोड मला कळते. माहितीपुस्तक उघडायची गरज वाटली नाही. दोन वायरी, दोन स्क्रू, झालं.
दादाच्या जुन्या कंट्रोलरला हात लावलेला नाही. आठ वर्षांचा असल्यापासून ऐकत आलोय, बटणाला हात लावायचा नाही, तू गार्ड. दादा ड्रायव्हर. माझ्याकडे शिट्टी आणि हिरवी झेंडी. पन्नास वर्षं झाली, बढती नाही.
नवा डबा जुन्याच्या शेजारीच जोडला.

१०.४०
भिंतीवरचा स्विच लावला. नव्याचं बटण शून्यावर. गाडी चालू लागली. मागे.
बटण पाचवर नेलं. गाडी थांबली.
दहावर नेलं. लाल दिवा, टूं टूं आवाज, सगळं बंद.
निष्कर्ष: कारखान्यातूनच दोष. शून्य चुकलंय. असे काटे मी शेकड्याने नापास केलेत.

५ मार्च
वायरींची अदलाबदल केली. शून्यावर मागे. पाचवर जोरात मागे. टेबलावरच्या गाडीच्या शेडची मागची भिंत पडली. वायरी पूर्ववत. भिंत डिंकाने चिकटवली. आधीपेक्षा मजबूत झाली आहे.

७ मार्च
कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, सर, रुळांना आणखी काही जोडलंय का? मी नाही म्हटलं. जुना कंट्रोलर 'आणखी काही' मध्ये येत नाही. तो आधीपासून आहे.
ती म्हणाली, बंद करून पुन्हा चालू करा. याचा पगार घेतात.

९ मार्च
नवीन लक्षण. काल गाडी शेडमध्ये ठेवून फिरायला गेलो. परत आलो तर स्टेशनात उभी. करंट लीक होत असणार. शिवाय नव्या डब्याच्या वायरीचा स्क्रू ढिला. व्हायब्रेशन.
इथे कोणी आलं होतं का, असं वहिनींना विचारलं. म्हणाल्या, छे, कोण येणार, भावोजी? हात धुऊन या, वाढलंय. त्यांच्याच बोटांना तेलाचे डाग होते. शिलाई मशीनचं असेल.

१२ मार्च
संकल्प. रोज दहा ते एक शास्त्रशुद्ध तपासणी. चिडायचं नाही. दादाच्या खुर्चीत बसायचं नाही, वरच्या आपल्या खोलीतून स्टूल आणायचं.

१३ मार्च
स्टुलाने पाठ धरली. खुर्चीत बसलो. तात्पुरता.

१६ मार्च, दुपारी ३.००
नाक्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला आणलं. आल्या आल्या म्हणाला, काका, हा जुना कशाला जोडून ठेवलाय? याचं बटण मागे जायच्या खुणेवर आहे. हा गाडी मागे ओढतोय, नवा पुढे ढकलतोय. एका गाडीला दोन ड्रायव्हर! जुन्याची वायर काढली की विषय संपला. आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे सरकला. मी त्याचं मनगट धरलं. जरा जास्तच जोरात धरलं असावं. राहू द्या काका, तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून गेला.
माणूस वरवरचा आहे. दादाने जुना बंद केला नाही, म्हणजे काही कारण असणार.

१७ मार्च
दादाने बटण मागे का ठेवलं असेल, असं वहिनींना सहज विचारलं. म्हणाल्या, गाडी शेडमध्ये लावत होते. मी जेवायला हाक मारली. आलो आलो म्हणाले. हे कधी एका हाकेत आले आहेत का? पंधरा मिनिटांनी मी तावातावाने भांडायला गेले, तर हे खुर्चीतच. नंतर भिंतीवरचा स्विच तेवढा मी बंद केला.
मी विषय बदलला. नवा कंट्रोलर किती बेभरवशाचा आहे ते अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उपयोग झाला असावा.

२१ मार्च
नवीन विचार: टेबलालाच उतार असेल. पाणसळ लावून पाहिली. टेबल सरळ आहे. म्हणजे पाणसळ खराब आहे.
गाडी आज फिरून आल्यावर बोगद्यात सापडली. लीकेज वाढतंय.

२४ मार्च
पुतणीचा फोन. काका, तीस तारखेला सामानाचा ट्रक सांगितलाय. पण आई म्हणते, भावोजींचं काम अर्धवट आहे, पुढे ढकलू या का?
हे काम मी त्यांच्यासाठी करतोय, हे या घरात कोणाच्या लक्षात नाही. पुढे ढकलायची गरज नाही, असं ठणकावून सांगितलं. फोन ठेवल्यावर वाटलं, आठवडाभर चाललं असतं.

२८ मार्च, संध्याकाळी ५.३०
चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. घरात गाडीचा आवाज.
वहिनी दादाच्या खुर्चीत. नव्या डब्याची वायर सोडवून बाजूला ठेवलेली. एक हात जुन्या बटणावर, दुसऱ्या हातात चहा. गाडी स्टेशन, पूल, बोगदा करत सरळ पुढे चालली होती. पूर्ण फेरी. मी दारात उभा राहून चार मोजल्या.
मला बघून त्यांनी गाडी स्टेशनात लावली, अगदी फलाटाला. मग म्हणाल्या, रोज चालवते, तुम्ही बाहेर गेलात की. यायच्या आत बटण होतं तसं ठेवते, तुमची वायर परत लावते. स्क्रू मात्र मला घट्ट बसत नाही.
मी म्हटलं, पण दादा कोणाला हात लावू देत नव्हता. म्हणाल्या, दुपारी हे झोपले की गाडी माझी. चाळीस वर्षं. परवानगी तुम्ही मागत होतात, भावोजी, मी नाही.
मग आधी बोलला का नाहीत, असं विचारलं. त्यावर म्हणाल्या, सव्वीस दिवस तुम्ही खाली उतरला नाहीत. वर पाठवलेलं ताट तसंच परत यायचं. डबा आला आणि दहाच्या ठोक्याला खाली, एकच्या ठोक्याला पाटावर. एवढं छान बिघडलेलं यंत्र मी कशाला दुरुस्त करू?
चष्मा घेतला आणि पुन्हा फिरायला गेलो. बागेच्या बाकावर बराच वेळ बसलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.
नव्या कंट्रोलरबद्दल माझं मत बदललेलं नाही.

३० मार्च, सकाळी ११.००
ट्रक दुपारी दोनला येणार. वहिनी म्हणाल्या, चला, शेवटची फेरी. त्या खुर्चीत, मी झेंडी घेऊन पुलापाशी. शिट्टी अजून वाजते. तीन फेऱ्या झाल्या. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, बसा, आता तुम्ही.
बढती मिळाली. ११.०५ ते ११.०६.
वळणावर वेग कमी करायचा असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. इंजिन पुलावरून थेट फरशीवर. दोन डबे मागोमाग.
वहिनींनी इंजिन उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, ह्यांचं बरोबर होतं. आणि हसायला लागल्या. डोळे पुसून पुन्हा हसल्या. मीही हसलो. दादा असता तर आठवडाभर बोलला नसता.
इंजिनाचं धुराडं तुटून कुठे उडालं ते मिळेना. दोघांनी तासभर शोधलं. शेवटी वहिनींनी मुलीला फोन केला. ट्रक नको गं, धुराडं सापडल्याशिवाय टेबल हलवता येणार नाही. नाही, तारीख कशी सांगू? भावोजी शोधताहेत.

संध्याकाळी ६.१५
धुराडं कपाटाखाली सापडलं. खिशात ठेवलंय.
उद्या सकाळी दहापासून पुन्हा नीट शोधायला हवं.