निघायची वेळ

रविवार, १२ जानेवारी

आज चाकणला मुलाकडे जाऊन आलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटा गेलो. जेवण झालं, चहा झाला, पण निघायचं कधी ते कळेना. पूर्वी सूनबाई हिला कुंकू लावायची, की ही मला म्हणायची, "उठा आता, सोफा आपला नाही." आज कुंकू कोणाला लावणार? मी बसूनच राहिलो. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, मला पहाटेची शिफ्ट आहे." मी लगेच उठलो. सूनबाई म्हणाली, "राहा की आजच्या दिवस." मनापासून म्हणाली, की रीत म्हणून? हिला बरोबर कळलं असतं. मी नको म्हणालो. बसमध्ये तेच डोक्यात, राहायला हवं होतं का?

घरी येऊन दूध तापवलं. ते वर येईपर्यंत ओट्याशी उभा राहिलो.