ती रायफल मी कापू दिली नाही

बाबा, परवा मी तुमच्या विरुद्ध बोलले आणि जिंकले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तुम्हीच लागता. इथल्या इंग्रज लोकांशी काय भांडायचं? ते आधी ‘मुद्दा फार इंटरेस्टिंग आहे’ म्हणतात आणि मग त्यांना हवं तेच करतात.

प्रकरण एका रायफलीचं आहे. आमच्या म्युझियमचा शस्त्रविभाग आता माझ्याकडे आहे, पूर्ण माझ्याकडे. त्यात फ्रेंच सैन्याची मास नावाची सेल्फ-लोडिंग रायफल आहे, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, नळीमागचा तो दट्ट्या, हाताने ओढायला नको. दुसरं महायुद्ध संपता संपता त्यांनी ४४ काढली, ती थोडीच बनली. मग सुधारून ४९ आली. पुढे तीच आखूड आणि हलकी केली, नळीच्या तोंडाशी ग्रेनेड उडवायची सोय केली, ती ४९/५६. आमच्याकडे ४९ एक आहे आणि ४९/५६ दोन. तुम्ही ही कधी हातात घेतली नसणार, पण घेतली असतीत तर खूश झाला असतात. गोळी सुटली की गॅस एका बारीक नळीतून थेट बोल्टला मागे नेणाऱ्या गाड्यावर येऊन आदळतो, मध्ये पिस्टनची भानगडच नाही. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, अडकवायचा खटका रायफलीवर नाही, मॅगझिनवरच आहे. सुटे भाग इतके थोडे की पहिल्यांदा उघडली तेव्हा मला वाटलं, काहीतरी हरवलंय.

तर आमच्या डायरेक्टरबाईंच्या मनात आलं की दोन सारख्या आहेत, त्यातली एक उभी कापून गॅलरीत ठेवावी. चालणारी रायफल म्हटली की लायसन्स, स्ट्राँगरूम, पोलिसांची तपासणी. कापली की मुलंसुद्धा हात लावून बघतील. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण करवत एकदा लागली की लागली, ती रायफल पुन्हा होत नाही. विभाग माझा असला तरी शेवटचा शब्द त्यांचा होता, आणि मला ती अख्खी हवी होती.

तुम्ही मात्र कापली असतीत. तुम्ही कापल्याच की. मी पाचवी-सहावीत असेन, खंडेनवमीचा दिवस. रायफली बनवणाऱ्या तुमच्या कारखान्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आज घरच्यांना आत सोडतात. लेथला झेंडूचे हार, कानशी आणि मायक्रोमीटर ओळीने मांडलेले, पेढ्यांचा खोका फिरतोय. मधल्या टेबलावर तुम्ही स्वतः कापलेली रायफल आहे, कापलेल्या कडा लाल रंगवलेल्या, आतली स्प्रिंग उघडी पडलेली. पहिलं फूल तुम्ही तिला वाहता. कुंकू लावता तेही लाकडावर, कारण ओल्या हळदकुंकवाने पोलादाला गंज चढतो, आणि तुमची भक्ती पोलादापुढे कायम दुसऱ्या नंबरावर. मी रडायला लागते. चांगली होती ना ती, मग का कापली? तुम्ही सगळ्यांसमोर खेकसता, “रडायला काय झालं? आत काय चाललंय ते दिसलंच नाही, तर पोरं शिकणार काय, कपाळ?” आई माझा हात धरून मला बाहेर नेते. मला तो अपमान आजही झोंबतो, हे सांगून टाकते.

त्यामुळे परवाच्या मीटिंगला मी तुमच्यासाठीच तयारी करून गेले होते. कागद नेले नाहीत, सगळ्या परवानग्या काढून रायफलच नेली. मागची कळ दाबून झाकण पुढे ढकललं, उचललं, स्प्रिंग काढली, गाडा आणि बोल्ट काढून डायरेक्टरबाईंच्या हातात ठेवले. मी म्हटलं, कापून एकच बाजू दिसते, आणि तीही थिजलेली. ही नुसत्या हातांनी उघडते. मुलांसमोर मी उघडेन, त्यांच्या हातांनी पुन्हा बसवून घेईन. शिवाय हिच्या सगळ्या भागांवर एकच नंबर आहे, फॅक्टरीतून निघाल्यापासून हिचा एकही भाग कोणी बदललेला किंवा बिघडवलेला नाही. आपणच पहिले का व्हायचं? बाई हसल्या, “ऑल राइट, यू विन,” म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. इतकं सोपं होतं. मी फार छान बोलले, बाबा. तुम्ही नव्हतात म्हणून मीच सांगते.

त्याच संध्याकाळी स्टॅनमोरला घरी पोचले. लेकीला सगळं सांगितलं. ती टोस्ट खात म्हणाली, “सो यू वन! मग तू अशी ग्रम्पी का आहे? आणि आजोबांनी खरंच चांगला गन कापला? फक्त शिकवायला?”

हो म्हणणार होते. पण याच स्वयंपाकघरात, तुम्ही एकदाच आला होतात तेव्हा, मीही तुम्हाला तेच विचारलं होतं. तुम्ही चहा टाकत होतात, आमच्या इथल्या विजेच्या शेगडीला शिव्या देत. शिकवणं वगैरे ठीकच, म्हणालात. मग पाठमोरेच बोललात, “अगं, जन्मभर हजारो बनवून बाहेर पाठवल्या. कुठे गेल्या, कोणावर चालल्या, मला काय माहीत? ज्या कापल्या, त्या तेवढ्या कोणाला मारणार नाहीत.” आणि लगेच आलं कुठे ठेवलंय म्हणून माझ्यावर ओरडलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा लिहून मोकळी होते. रायफल अख्खी राहिली याचा मला आनंद आहे, उद्या पुन्हा विचारलं तरी मी अख्खीच ठेवेन. पण मीटिंगमध्ये तुमचा तो मुद्दा कोणीच काढला नाही. काढला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मीही काढला नाही.