ठकी पिंजऱ्यात येत नाही

९ फेब्रुवारी, रविवार

ती. आईंना,

वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचे चिरंजीव स्वतःचा चहा स्वतः करायला शिकलेत. पातेलं मात्र अजून मीच घासते. वन्संकडे करमतंय ना? गुडघ्याला तेल लावता का?

दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय आणि बटण बोका त्यावरच झोपतो. ठकीच्या मागच्या पाच पिल्लांतला हा एवढाच राहिला. त्याचंही नसबंदीचं ऑपरेशन झालं. कानाचं टोक जरासं कापलंय, म्हणजे कुणी चुकून पुन्हा पकडून नेणार नाही. दुसऱ्या दिवशी स्वारी माझ्या टेपशी खेळत होती.

गल्लीतले दोन्ही बोकेही करून आणले. खरं वाटणार नाही तुम्हाला, पण आता मारामाऱ्या नाहीत, रक्ताळलेली तोंडं नाहीत, दाराशी तो उग्र वासही नाही. किराणावाला मांजर दिसलं की पाणी फेकायचा, परवा म्हणाला, "वहिनी, एवढी असू द्यात, उंदीर तरी धरतील."

राहिली ती ठकी. तीन वेळा पिंजरा लावला. आदल्या दिवसापासून तिला कुणी काही घालायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. भूक असल्याशिवाय ती आत कशाला जाईल? तिन्ही वेळा बाईसाहेब मिशा चाटत आल्या, आतल्या माशाचा वास घेतला आणि चालत्या झाल्या. कोण घालत होतं ते मला ठाऊक होतं. मागच्या जिन्यातली दुधाची वाटी मीच विसळत होते, आई.

शेवटी बोलले, ते नको तितकं बोलले. तुम्ही म्हणालात, "मुक्या जिवाची कूस बंद करणारी तू कोण?" आणि पिशवी भरून निघालात. तेव्हापासून ठकी कुणाच्याच हातचं खात नाही. जिन्यात बसून असते. हाडं दिसायला लागलीत. डॉक्टरीणबाई लांबूनच बघून गेल्या. म्हणाल्या, "आत्ता पोटात पिल्लं नाहीत तोवर आणा. आणखी एक बाळंतपण हिला झेपणार नाही."

पुढचं लिहावं की नाही, यातच हे पत्र पडून राहिलं. मागच्या वेळी चौथं पिल्लू पुरून तुम्ही हात धूत होतात, तेव्हा मी जिन्यात वर उभी होते. ठकी तुमच्या पायाशी होती. तुम्ही तिला म्हणालात, "बाई गं, तुला तरी कुणी विचारलं होतं का?"

तुमची सहा बाळंतपणं आणि हाती लागलेली दोनच मुलं, हे मला लग्नानंतर शेजारणीकडून कळलं. तुमच्या तोंडून त्यावर अवाक्षर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी पाय न वाजवता तशीच घरात गेले.

ठकीला आपण विचारू शकत नाही. पण तिला काय सोसावं लागतं, ते तुमच्याइतकं इथे कुणाला कळतं? या ना, आई. पिंजरा नको. ती तुमच्या मांडीवर येईल, टोपलीत तुम्हीच ठेवा. नंतर ती तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, ही भीती तुम्हाला आहे. मलाही आहे. नाहीच बघितलं, तर ती येईपर्यंत आपण दोघी जिन्यात बसू.

या वेळी खाली तुमच्याजवळ येऊन बसणारी,
तुमची सून