मुख्य व्हॉल्व बंद, फायरवॉलचे काम चालू

ती. ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (उजव्याच पायावर; डाव्या खुब्याचं ऑपरेशन ताजं आहे, त्याला इतक्यात धक्का नको). भूक, झोप आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंशी तुझी रोजची भांडणं नीट चालली असतील अशी आशा करते. यानंतर ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत खोटं न लिहिण्याबद्दल जे काही शिकवलं, त्याचा उपयोग या वयात तरी व्हावा.

पत्र बघून दचकली असशील. आमचं इंटरनेट सहा आठवडे बंद आहे. बिघाड झालेला नाही. तुझ्या मेहुण्यांनी ते स्वहस्ते, पूर्ण शुद्धीवर असताना बंद केलंय. आपला शेवटचा व्हिडिओ कॉल आठवतो ना? तू वॉकर धरून उठायला लागलीस आणि चित्र तिथंच गोठलं: अर्धी उठलेली, तोंड उघडं, एक हात हवेत. फोन लावला तर तुझा एंगेज (तूही मलाच लावत होतीस, हे मागाहून कळलं). सात मिनिटं तू पडलीस असंच मी धरून चालले होते. हे शेजारी उभे होते. राउटरचे दिवे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशाचा कागद पसरला आणि म्हणाले, “राउटर आपण घरीच बांधायचा.”

बांधायचा! जसा काही हौद. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट नळातूनच येते असं वाटतं. म्हणे बाजारातला राउटर म्हणजे गळका नळ. आपण एक छोटा संगणक घ्यायचा, ज्याला केबल खुपसायची चार भोकं असतील, आणि त्यालाच फायरवॉल करायचं. म्हणजे बाहेरचं काय आत येईल आणि आतलं काय बाहेर जाईल ते तो ठरवणार. (या घरात हे काम आजवर मी करत आले. माझ्याबद्दल तक्रार नव्हती.) शिवाय खोल्या-खोल्यांमधून दहा गिगाबिटची केबल. म्हणजे काय ते मी संगणकाच्या दुकानदाराला विचारलं. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, “बाई, झोपायच्या खोलीतून हॉलमध्ये अख्खा सिनेमा डोळ्याचं पातं लवायच्या आत पोहोचेल.” पण पाठवणार कोण? घरात माणसं दोन, त्यातलं एक बोलत नाही. आणि रस्त्यावरून घरात येणारी लाईन आहे तशीच, करंगळीएवढी! हे मी यांना दाखवून दिलं, तर म्हणाले, “अंतर्गत वितरण आधी. बाहेरचं मग बघू.”

ताई, हे सगळं मी सोसलं असतं. पण यांच्या खात्याचा नियम होता की नवीन लाईन टाकण्याआधी जुनीचा मुख्य व्हॉल्व बंद करायचा. म्हणून पहिल्याच दिवशी जुना राउटर काढून, फडक्यात गुंडाळून, कपाटात. नवीन संगणक अजून दुकानात! कारण नकाशा मंजूर नाही. मंजूर कोण करणार? हेच. आणि हे स्वतःच्या नकाशावर स्वतःच हरकती घेतात. आजवर अकरा झाल्या. मोबाईलवरून तुला बघायचं तर गच्चीवर टाकीला टेकून उभं राहावं लागतं आणि तिथं तू पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसतेस.

गेल्या सोमवारी कडेलोट झाला. यांनी मला एक छापील फॉर्म दिला: ‘घरगुती जोडणीसाठी अर्ज’. माझ्या टॅबलेटला फायरवॉलच्या यादीत घ्यायचं तर अर्ज हवा, कारण हवं, आणि शिफारस हवी, तीही घराबाहेरच्या व्यक्तीची. एकाच ताटलीतलं टोस्ट खाणाऱ्या बायकोला! मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे. मी दुसऱ्यांचे अर्ज नामंजूर करत आले, स्वतः कधी अर्ज केले नाहीत. फॉर्म लाल पेनानं तपासून परत दिला. यांनी तो फाईलला लावला.

मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे. पुढच्या गुरुवारी चार वाजता तू पहिल्यांदा वॉकरशिवाय चालणार. फोनवर तू “ठणठणीत आहे गं” म्हणशील, त्याच सुरात ज्या सुरात सिस्टरांना “गृहपाठ घरी राहिला” म्हणायचीस. तुला आवाजानं खोटं बोलता येतं. चेहऱ्यानं कधीच जमलं नाही. मला चेहरा बघायचाय.

घरच्यांना आशीर्वाद. रागावलेली असले तरी तुझीच,

धाकटी

ता. क. यांच्याकडून दुसरा कोरा फॉर्म घेऊन अर्ज भरला आणि सोबत जोडला आहे. हसू नकोस. शिफारशीच्या रकान्यात सही करून लगेच उलटटपाली पाठव.

ता. क. २. कारणाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून यांचा मूळ नकाशा काढून बघितला, सहा आठवड्यांपूर्वीचा, पहिला. खाली कोपऱ्यात ‘योजनेचा उद्देश’ असं लिहिलंय आणि पुढे यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात: ‘ताईंचे चित्र मध्येच थांबू नये. हिला पुन्हा घाबरायला लागू नये.’ चौतीस वर्षं नोकरी, एकेचाळीस वर्षं संसार, आणि माणूस हे तोंडानं बोलत नाही, कोपऱ्यात लिहितो.

ता. क. ३. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं. यांनी आत्ताच जुना राउटर कपाटातून काढलाय. ‘तात्पुरती जोडणी, गुरुवार, चार ते पाच.’ तेवढा वेळ घरातलं दुसरं काहीही चालू ठेवायचं नाही असा मला लेखी हुकूम आहे. सही तरीही पाठवच. शिफारशीवाचून जोडणी दिली म्हणून हे स्वतःलाच नोटीस काढतील. आणि केस विंचरून ये. मध्येच थांबलीस तर या वेळी मला कळेल की तू थांबलीस, चित्र नाही.